सायकलच्या फ्रेमचा धातू कसा पारखावा

दुकानात सायकल दाखवताना विक्रेता फ्रेमवर टिचकी मारतो आणि सांगतो, “अलॉय आहे साहेब, गंजायची नाही.” ऐकायला हे बरे वाटते, पण त्यातून गिऱ्हाइकाच्या पदरात फारसे काही पडत नाही. अलॉय म्हणजे मिश्रधातू. त्या हिशेबाने क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे, पोलादही अलॉयच आणि टायटेनियमची फ्रेमही बहुधा अलॉयचीच. दुकानदार ज्याला अलॉय म्हणतो ते ॲल्युमिनियम तरी कोणत्या जातीचे आहे, किती जाड आहे, कसे जोडले आहे आणि जोडल्यानंतर भट्टीत गेले होते की नाही, हे सगळे प्रश्न तसेच उरतात.

फ्रेमसाठी प्रत्यक्ष वापरात असलेले धातू मुख्यतः तीन आहेत: पोलाद, ॲल्युमिनियम आणि टायटेनियम. मॅग्नेशियमच्या फ्रेम अधूनमधून दिसतात, पण त्यांचे प्रमाण इतके कमी आहे की येथे त्यांचा विचार केलेला नाही. कार्बन हा धातूच नसल्याने तोही बाजूला ठेवला आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. धातूचे नाव हा सर्वांत शेवटी विचारायचा प्रश्न आहे. आधी नळीचा व्यास पाहावा, मग तिच्या भिंतीची जाडी, मग जोड, आणि त्यानंतर धातूकडे वळावे. हा क्रम उलटा वाटेल, परंतु त्यामागे साधे गणित आहे.

आधी गणित

पोलादाची घनता दर घनसेंटीमीटरला सुमारे ७.८५ ग्रॅम, टायटेनियमची ४.५ ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम असते. धातू ताणला असता किती कमी ताणला जातो, म्हणजेच त्याचा ताठपणा, गिगापास्कलमध्ये मोजतात. तो पोलादाचा सुमारे २०५, टायटेनियमचा १०७ आणि ॲल्युमिनियमचा ६९ असतो. आता ताठपणाला घनतेने भागून पाहावे. पोलादाचे उत्तर सुमारे २६ येते, ॲल्युमिनियमचे साडेपंचवीस आणि टायटेनियमचे चोवीसच्या आसपास. म्हणजे वजनाच्या मानाने पाहिल्यास तिन्ही धातू जवळजवळ सारखेच ताठ आहेत. निसर्गाने येथे कोणालाच झुकते माप दिलेले नाही.

मग ॲल्युमिनियमची सायकल हलकी आणि तरीही ताठ कशी होते? याचे उत्तर नळीच्या व्यासात आहे. पातळ भिंतीच्या नळीचे वजन व्यास आणि जाडी यांच्या गुणाकाराप्रमाणे वाढते, पण वाकण्याला होणारा तिचा विरोध व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. व्यास दुप्पट केला आणि जाडी तीच ठेवली, तर वजन दुप्पट होते आणि ताठपणा आठपट.

आकडे घालून पाहिले की हे नीट पटते. जुन्या पद्धतीच्या पोलादी फ्रेममधील तिरकी नळी, म्हणजे हँडलाकडून खाली पायडलच्या आसाकडे येणारी नळी, २८.६ मिलिमीटर व्यासाची असते. तिची भिंत ०.९ मिलिमीटर धरली, तर एक मीटर नळीचे वजन सुमारे ६१५ ग्रॅम भरते. त्याच मापाची नळी ॲल्युमिनियमची केली, तर वजन २१० ग्रॅमवर येते, पण ताठपणाही एक तृतीयांशच उरतो. अशा सायकलवर चढाला जोर लावला की पायडलचा भाग डावी-उजवीकडे डुलू लागेल. आता ॲल्युमिनियमचीच नळी ४० मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर जाडीची घेतली, तर वजन मीटरला ४९० ग्रॅम होते, म्हणजे पोलादापेक्षा सुमारे २० टक्के कमी, आणि ताठपणा मात्र पोलादी नळीच्या दीडपट होतो. ३५ मिलिमीटर व्यासाची आणि ०.९ मिलिमीटर भिंतीची टायटेनियमची नळी पोलादाइतकीच ताठ राहून सुमारे ३० टक्के हलकी भरते.

यावर कोणी विचारील की पोलादाचीच नळी ४० मिलिमीटरची का करू नये? करता येते, पण वजन वाढू नये म्हणून भिंत इतकी पातळ करावी लागते की ती थंड पेयाच्या डब्यासारखी होते आणि दगड उडून लागला किंवा सायकल भिंतीवर पडली तरी पोचे पडतात. व्यास जाडीच्या पन्नासपटीच्या पलीकडे नेऊ नये, असा कारागिरांचा ढोबळ अंदाज आहे. ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे त्याची भिंत जाड ठेवणे परवडते आणि म्हणून त्याचा व्यास वाढवता येतो. त्याचा खरा फायदा हाच आहे.

एकाच धातूला दोन अगदी उलट लौकिक कसे मिळाले, हे सायकलच्या इतिहासात दिसते. फ्रान्समधील व्हिटस कंपनीची ९७९ ही फ्रेम ॲल्युमिनियमची होती, पण तिच्या नळ्या पोलादी फ्रेमइतक्याच बारीक आणि सांध्यांत डिंकाने चिकटवलेल्या असत. आयरिश शर्यतपटू शॉन केली याने १९८० च्या दशकात तिच्यावर अनेक शर्यती जिंकल्या, तरी ती फ्रेम लवते आणि मऊ चालते, अशीच तिची ओळख होती. त्याच सुमारास अमेरिकेत, एमआयटीमध्ये शिकत असताना सायकलकडे वळलेला गॅरी क्लाइन आणि १९८३ पासून ॲल्युमिनियमच्या सायकली काढणारी कॅननडेल कंपनी यांनी जाडजूड नळ्यांच्या फ्रेम बाजारात आणल्या, आणि “ॲल्युमिनियम म्हणजे हाडे खिळखिळी करणारी ताठ सायकल” हा समज पसरला. धातू तोच होता. व्यास बदलला होता.

दुकानात काय पाहावे

खिशात एक लहान लोहचुंबक, व्हर्नियर कॅलिपर आणि मोबाइलचा टॉर्च असावा. निर्णयात धातू शेवटचा असला, तरी कोणती तपासणी करायची हे त्यावरून ठरते, म्हणून तो चुंबकाने आधी ओळखून घ्यावा. चुंबक चिकटले तर फ्रेम पोलादाची, हे उघड आहे. न चिकटल्यास ती बहुधा ॲल्युमिनियमची असते. टायटेनियमलाही चुंबक चिकटत नाही, पण टायटेनियमची फ्रेम किमतीवरूनच ओळखू येते आणि पुष्कळदा ती रंगवलेलीही नसते. चुंबक फ्रेमच्या सगळ्या नळ्यांना आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यालाही लावून पाहावे, कारण फ्रेम ॲल्युमिनियमची आणि पुढचा चिमटा पोलादाचा, ही जोडी मध्यम किमतीच्या सायकलींत नेहमीची आहे. जादा वजनाचा बराच भाग त्या चिमट्यातच असतो.

पोलादी फ्रेम असेल, तर पुढची तपासणी सीट पिलरवर, म्हणजे सीट धरणाऱ्या दांडीवर करावी. पिलर बाहेर काढला की त्याच्या खालच्या टोकाजवळ व्यासाचा आकडा कोरलेला दिसतो. सीटखालची उभी नळी बाहेरून २८.६ मिलिमीटर असेल आणि पिलर २७.२ चा असेल, तर वजाबाकी १.४ येते, तिची निम्मी ०.७, म्हणजे पिलर जेथे बसतो तेथे नळीची भिंत जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर आहे. अशी पातळ नळी चांगल्या प्रतीच्या पोलादाशिवाय कोणी वापरत नाही. तोच पिलर २५.४ चा निघाला, तर वजाबाकी ३.२ आणि भिंत १.६ मिलिमीटर, म्हणजे साधे, जाड आणि जड पोलाद. जुन्या बाजारात रंग उडालेली, स्टिकर निघून गेलेली सायकल पाहताना या एका आकड्याने मला जेवढे सांगितले आहे, तेवढे कोणत्याही विक्रेत्याने सांगितलेले नाही.

त्यानंतर नळीवर नखाने किंवा नाण्याच्या कडेने टोकापासून मध्यापर्यंत हळूहळू टिचक्या माराव्यात. नळीची टोके जाड आणि मधला भाग पातळ असेल, तर आवाज टोकाशी बोदा आणि मध्याकडे मोकळा, खणखणीत होत जातो. अशा नळीला बटेड नळी म्हणतात. फ्रेमवरचा ताण सांध्यांपाशी एकवटतो आणि जोडकामाची उष्णताही तेथेच लागते, म्हणून जाडी तेथे ठेवावी आणि मध्ये वाचवावी, असा हा विचार आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने या पद्धतीचे पेटंट १८९७ साली घेतले, आणि सव्वाशे वर्षांनंतरही चांगल्या पोलादी फ्रेमची खूण तीच आहे. ०.९, ०.६, ०.९ असे तीन आकडे लिहिलेले दिसले, तर ते या जाडीचेच असतात.

स्टिकर वाचताना मात्र सावध राहावे. ‘हायटेन’ हा शब्द हाय-टेन्साइल याचा संक्षेप आहे. नावात ‘हाय’ असले तरी आजच्या फ्रेममध्ये ते सर्वांत खालच्या पायरीचे पोलाद आहे; ते सुमारे ३०० मेगापास्कलच्या ताणाला कायमचे वाकू लागते. ४१३० असा आकडा असेल तर ते क्रोमोली: त्यातील ४१ हा क्रोमियम-मॉलिब्डेनम गटाचा क्रमांक आणि ३० म्हणजे ०.३० टक्के कार्बन. सायकलसाठी ओढलेली क्रोमोली नळी हायटेनपेक्षा साधारण दुप्पट ताण सोसते. दोन्ही पोलादांचा ताठपणा मात्र एकच आहे. त्यामुळे क्रोमोलीची फ्रेम ताठ होते ही समजूत चुकीची आहे; क्रोमोली बळकट असल्यामुळे तिची भिंत पातळ करता येते आणि फ्रेम हलकी होते, एवढेच. काही स्टिकरांवर ‘क्रोमोली मुख्य नळ्या’ एवढेच लिहिलेले असते. त्याचा अर्थ पुढचा मोठा त्रिकोण क्रोमोलीचा आणि मागच्या बारीक नळ्या हायटेनच्या, असा घ्यावा.

शेवटी जोड पाहावा. पोलादी नळ्या एक तर सॉकेटमध्ये बसवून पितळेने झाळलेल्या असतात, नाही तर आरगॉन वेल्डिंगने थेट जोडलेल्या असतात. दोन्ही पद्धती उत्तम आहेत. ॲल्युमिनियमवर वेल्डिंगची रेघ एकसारख्या, माशाच्या खवल्यांसारख्या लाटांची असावी. कोठे लाट मोठी, कोठे खड्डा, कोठे कडेला नळीत खोल चर पडलेली, अशी दिसल्यास ती फ्रेम ठेवून द्यावी. काही महाग फ्रेमवर ही रेघ घासून गुळगुळीत केलेली असते. ती दिसायला सुंदर असते, पण आत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही, म्हणून मला स्वतःला खवले दिसणारा जोड अधिक भरवशाचा वाटतो.

पोलाद

आपल्याकडची रॉड ब्रेकची, २८ इंची चाकांची काळी सायकल हे साध्या पोलादाच्या गुणदोषांचे सर्वांत प्रामाणिक उदाहरण आहे. ती वीस किलोच्या आसपास भरते, चढाला दमवते, पण दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या आणि मागे कडब्याची पेंढी लादून वर्षानुवर्षे खडकाळ रस्त्यावरून जाते. जाड भिंतीमुळे धातूवर येणारा ताण त्याच्या क्षमतेच्या मानाने इतका कमी राहतो की ती थकतच नाही. आणि मोडलीच, तर तालुक्याच्या कोणत्याही गॅस वेल्डिंगवाल्याकडे तासाभरात जोडून मिळते. ज्याला रोज ओझे वाहायचे आहे त्याने या सायकलीला नाक मुरडू नये.

क्रोमोली आणि तिच्या वरच्या जातींची गोष्ट वेगळी आहे. रेनॉल्ड्सने १९३५ साली ५३१ हे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद आणले आणि पुढची चार-पाच दशके शर्यतीच्या सायकलींत त्याचा दबदबा राहिला. इटलीत मिलानच्या कोलंबस कंपनीच्या नळ्यांना तोच मान होता. १९९५ मध्ये आलेले ८५३ हे पोलाद तर वेल्डिंगनंतर हवेत निवताना सांध्यापाशी आणखी कठीण होते, आणि इतर बहुतेक धातूंच्या बाबतीत नेमके उलटे घडते. अशा पोलादाच्या फ्रेमचे वजन पावणेदोन ते सव्वादोन किलोपर्यंत खाली येते, तर हायटेनची फ्रेम सहज तीन किलो भरते.

येथे दुरुस्तीविषयी एक इशारा द्यावासा वाटतो. “स्टील आहे, कुठेही वेल्डिंग होईल” हे वाक्य जाड नळीच्या बाबतीत खरे आहे. ०.६ मिलिमीटरच्या, उष्णतेचा संस्कार केलेल्या नळीवर गॅसची मोठी ज्योत धरली, तर जोड दिसायला पक्का होईल, पण त्याच्या शेजारची नळी कमजोर होऊन काही महिन्यांनी तेथेच मोडेल. अशा फ्रेमसाठी पातळ नळीचे काम केलेला कारागीरच शोधावा.

पोलादाचा आणखी एक गुण सहसा सांगितला जात नाही: ते वाकवता येते. जुन्या फ्रेममध्ये मागच्या चाकाची जागा १२६ मिलिमीटर असते आणि नंतरच्या, रिमवर दाबणाऱ्या ब्रेकच्या रोड सायकलच्या चाकाला १३० लागते. पोलादी फ्रेमच्या मागच्या नळ्या जाणकार कारागीर सावकाश फाकवून ही जागा करून देतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.

ॲल्युमिनियम

आज दुकानात दिसणाऱ्या फ्रेमवर ६०६१ किंवा ७००५ यांपैकी एक आकडा पुष्कळदा असतो. ६०६१ मध्ये मॅग्नेशियम आणि सिलिकॉन मिसळलेले असते, ७००५ मध्ये जस्त आणि मॅग्नेशियम. तयार फ्रेममध्ये दोन्हींची मजबुती इतकी जवळपास असते की आकड्यावरून एकीला उजवे ठरवण्यात अर्थ नाही. फरक कारखान्यात पडतो. ६०६१ ची संस्कारित नळी सुमारे २७५ मेगापास्कल ताण सोसते, तर तोच धातू पूर्ण नरम पडला की जेमतेम ५५. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा पट्टा या नरमपणाकडे घसरतो. म्हणून ६०६१ ची पूर्ण फ्रेम जोडल्यानंतर सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड करावी लागते, त्यात ती वाकडी होते म्हणून सरळ करावी लागते, आणि मग १७० ते १८० अंशांच्या भट्टीत काही तास मुरवावी लागते. ७००५ ला यांतला पहिला, त्रासाचा टप्पा लागत नाही. ते जोडल्यानंतर भट्टीत मुरवले की पुरते.

या सगळ्याचा ग्राहकाशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिले, आकडा ६०६१ असला आणि त्यापुढे ‘टी ६’ ही उष्णतेच्या संस्काराची खूण असली, तर जोडल्यावर उष्णतेचा संस्कार झाला आहे का, हे विचारण्यासारखे आहे. नामांकित उत्पादक तो करतातच, प्रश्न अनोळखी फ्रेमचा असतो. दुसरे, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तडा गेला, तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात आरगॉनने भरून घेणे ही फसवी दुरुस्ती आहे, कारण तेथे भट्टी नसते आणि नरम पडलेला पट्टा नरमच राहतो.

आता थकव्याचा प्रश्न. पोलाद आणि टायटेनियम यांना एक मर्यादा असते. ताण तिच्या खाली राहिला, तर कितीही वेळा आला तरी धातू थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, छोटा ताणही पुरेशा वेळा आला की शेवटी तडा जाऊ शकतो. यावरून “ॲल्युमिनियमची फ्रेम पाच वर्षांत टाकून द्यावी” असा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो बरोबर नाही. ही उणीव माहीत असल्यामुळेच रचनाकार ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड आणि रुंद करतात, आणि त्यामुळे प्रत्यक्ष ताण खूप कमी राहतो. जर्मनीच्या ‘टूर’ या सायकलविषयक मासिकाने १९९७ साली उंची फ्रेम प्रयोगशाळेत यंत्रावर लाखभराहून अधिक वेळा दाबून पाहिल्या, तेव्हा शेवटपर्यंत टिकलेल्या मोजक्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमच्याही होत्या आणि पोलाद व टायटेनियमच्या काही फ्रेम त्यांच्या आधीच तडकल्या. धातूची मर्यादा पुस्तकात असते. फ्रेमची मर्यादा तिच्या सांध्यात असते.

अर्थात निष्काळजीपणाला ॲल्युमिनियम पोलादापेक्षा कमी क्षमा करते. माझ्या एका ॲल्युमिनियम फ्रेमला सीटच्या पकडीखाली, मागच्या बाजूने केसासारखा तडा गेला. कारण शोधताना लक्षात आले की सीट उंच हवी म्हणून मी पिलर त्यावरच्या, किमान किती आत हवा हे सांगणाऱ्या खुणेच्याही वर ओढला होता, आणि नळीच्या वरच्या चार बोटांवर सगळा भार तरफेसारखा येत होता. पोलादाची नळी कदाचित थोडी वाकून आधी सूचना देती. ॲल्युमिनियमने फक्त एक बारीक कुरकुर ऐकवली, आणि ती मी सीटच्या स्प्रिंगची समजलो.

टायटेनियम

टायटेनियमविषयी थोडक्यात सांगता येते, कारण ते घेणारे थोडे आणि त्यांतले बहुतेक आधीच मन पक्के करून आलेले असतात. फ्रेमसाठी वापरली जाणारी मुख्य जात ३ टक्के ॲल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम मिसळलेली असते. ती मुळात विमानांतील हायड्रॉलिक नळ्यांसाठी वापरात आली. १९७० च्या दशकात शुद्ध टायटेनियमच्या फ्रेमचेही प्रयोग झाले, पण त्या लवचीक ठरल्या, आणि योग्य मिश्रधातू व रुंद व्यास आल्यावरच या धातूचे नाव झाले. फ्रेम साधारण १.३ ते १.७ किलोची होते, गंज जवळजवळ चढतच नाही, रंग द्यावा लागत नाही.

पारख करायची ती जोडाच्या रंगावरून. तापलेले टायटेनियम हवेतील ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना नळीच्या बाहेरून आणि आतूनही आरगॉन वायू सोडावा लागतो. जोड चंदेरी किंवा फिकट गवती रंगाचा असेल तर काम नीट झाले आहे. तो निळा-जांभळा दिसला तर शंका घ्यावी, आणि राखाडी किंवा चुन्यासारखा पांढुरका असेल तर ती फ्रेम फुकटही घेऊ नये. मात्र जोड बाहेरून ब्रशने घासलेला असेल तर सीट पिलर काढून टॉर्चने आतल्या बाजूचाही रंग पाहावा.

आराम आणि वजन

“स्टील मऊ चालते, ॲल्युमिनियम हादरे देते” हे विधान इतक्या वेळा ऐकू येते की ते तपासावेसे कोणाला वाटत नाही. सायकलची फ्रेम त्रिकोणांची बनलेली असते, आणि त्रिकोण उभ्या दिशेने फारच कमी लवतो, मग तो कोणत्याही धातूचा असो. टायर मात्र कित्येक मिलिमीटर दबतो, आणि सीट व तिचा पिलरही थोडे दबतात. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर आराम हवा असेल, तर धातू बदलण्याआधी २५ ऐवजी ३२ मिलिमीटरचे टायर बसतील इतकी जागा फ्रेममध्ये आणि चिमट्यात आहे का, हे पाहावे, आणि हवा थोडी कमी ठेवावी. ज्या पैशांत धातूची पायरी चढता येते, त्याच्या लहानशा भागात हे होते, आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

वजनाचेही तसेच. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो भरतात असे धरले, तर फ्रेममध्ये वाचलेला एक किलो म्हणजे सव्वा टक्का. सिंहगडाचा घाट चढायला एखाद्याला तास लागत असेल, तर त्याचे सुमारे ४५ सेकंद वाचतील. शर्यतीत ४५ सेकंद पुष्कळ असतात. रविवारी सकाळी पिठले-भाकरीसाठी वर जाणाऱ्याने ते पैसे चांगल्या ब्रेकवर खर्च करावेत.

गंज, खारे वारे आणि पावसाळा

कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी या मुद्द्याला इतरांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. पोलादी फ्रेमचा धोक्याचा गंज बाहेरून नव्हे, आतून चढतो. पाणी सीट पिलरच्या फटीतून शिरते आणि पायडलच्या आसाच्या डबीत, म्हणजे बीबीत, साचते. फ्रेम घेताना त्या डबीच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी लहान भोक आहे का ते पाहावे. नसल्यास ते कारागिराकडून पाडून घ्यावे. पावसाळ्याआधी पिलर काढून, सायकल उलटीसुलटी करत, नळ्यांच्या आतून उकळलेले जवसाचे तेल फिरवावे. ते वाळून आत पातळ कवच धरते आणि वर्षभर पुरते.

ॲल्युमिनियम तांबडे गंजत नाही म्हणून ते गंजतच नाही, असे नव्हे. रंगाखाली फोड येऊन आत पांढरी भुकटी धरते, आणि ती नेमकी पोलादी स्क्रू किंवा केबलची अडकण जेथे बसवलेली असते तेथे, कारण दोन वेगळे धातू आणि खारे पाणी एकत्र आले की ॲल्युमिनियमची झीज होते. याच कारणाने पोलादी किंवा टायटेनियमच्या फ्रेममध्ये ग्रीस न लावता बसवलेला ॲल्युमिनियमचा पिलर दोन-तीन पावसाळ्यांत इतका घट्ट धरतो की शेवटी तो कापून काढावा लागतो. जुनी सायकल घेताना पिलर हलतो का, हे भाव ठरवण्याआधी स्वतः फिरवून पाहावे. “जाम आहे, तेल टाकलं की सुटेल” या उत्तरावर विश्वास ठेवू नये.

जुनी फ्रेम घेताना

आधी सायकल धुऊन कोरडी करून घ्यावी, कारण धुळीत तडा लपतो. मग टॉर्च तिरका धरून हँडलखालच्या आखूड नळीच्या मागची बाजू पाहावी. तेथे रंगाला आडव्या सुरकुत्या किंवा फुगवटा जाणवला, तर सायकल कधीतरी समोरून आपटली आहे. हात फिरवताना डोळे मिटले तर फुगवटा अधिक नीट कळतो. त्यानंतर सीटच्या पकडीभोवती, बीबीभोवतीच्या सगळ्या सांध्यांवर, आणि मागच्या चाकाचा आस जेथे अडकतो तेथे पाहावे. रंगातील चीर आणि धातूतील तडा यांत फरक करायचा असेल, तर तेथे पातळ तेलाचा थेंब लावून पुसून टाकावा आणि सायकलवर बसून मागचा ब्रेक दाबत जोर द्यावा. तडा असेल तर तेलाची बारीक रेघ पुन्हा वर येते.

पोच्यांचा न्याय धातूप्रमाणे वेगळा करावा. पोलादी नळीच्या मध्यावरचा लहान, उथळ पोचा केवळ दिसायला वाईट असतो. ॲल्युमिनियमच्या नळीवर धारदार कडेचा पोचा किंवा खोल ओरखडा असेल, आणि तो सांध्याच्या चार बोटांच्या आत असेल, तर ती फ्रेम नाकारावी. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर लटकतो तो कान, बदलता येण्याजोगा, स्क्रूने बसवलेला आहे ना, हेही पाहावे, कारण सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो तो हँगरच. तो सुटा मिळतो तोवर चिंता नाही, आणि नेमक्या त्या आकाराचा सुटा भाग बाजारात मिळतो की नाही हे घेण्याआधीच दुकानात विचारून एक जादा घेऊन ठेवावा.

व्यवहार ठरला की घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी पिलर पूर्ण बाहेर काढावा, नळीची आतली बाजू कापडाने पुसावी, पिलरला ग्रीस लावून किमान खूण नळीच्या आत जाईल इतका खाली बसवावा, आणि त्याची उंची जुळल्यावर नळीच्या तोंडाशी इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्यावा. दर सहा महिन्यांनी, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास, तो काढून पुन्हा ग्रीस लावताना टेपवरून जुनी उंची लगेच सापडते.